जास्वंदीचे कुंपण : बागेतल्या परक्या झुडपांचा इतिहास



यंदाच्या व्याख्यानासाठी विषय विचारला गेला तेव्हा मी 'कुंपण' असे सांगितले आणि कार्यवाहांना वाटले की मी सीमाप्रश्नावर बोलणार. माझे कुंपण त्याहून पुष्कळ साधे आहे. बंगल्याच्या फाटकापासून निघून अंगणाला वळसा घालणारी जास्वंद, तगर, मेंदी यांची रांग, एवढेच ते आहे. परंतु त्याच्यामागे इतिहास आहे, आणि आमच्या सोसायटीत नुकताच त्यावरून वादही झाला. मागच्या पिढीने लावलेले जास्वंदीचे कुंपण काढून तिथे सहा फुटी भिंत बांधावी, असा ठराव सभेपुढे आला. भिंतीला विरोध करणारे एक तरुण सभासद म्हणाले, "कुंपण राहू द्या, पण ही सगळी परदेशी झाडे आहेत. ती काढून देशी लावा." दोघांनाही त्या सभेत मला नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेले उत्तर समजावे.

शब्दापासून सुरुवात करू. कोकणात काट्याकुट्यांच्या कुंपणाला वई म्हणतात. इथे बडोद्यात गुजरातीच्या शेजाराने आपल्या तोंडात सहज 'वाड' येते, तर आमचे इंदूरचे नातेवाईक 'बागड' म्हणतात. संस्कृतात 'वाट' या शब्दाचा एक अर्थ कुंपण, किंवा कुंपण घातलेली जागा असा आहे. आपला वाडा आणि वाडी त्यातूनच आली. म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो, त्याच्या नावातच कुंपण आहे.

हे जुने कुंपण शोभेचे नव्हते. गुरे आत येऊ नयेत, एवढेच त्याचे काम. त्यासाठी झाडेही तशीच निवडलेली. अडुळशाचा आणि निर्गुडीचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत. शेराच्या चिकामुळे त्याला कोणी तोंड लावत नाही. फुलझाडांची जागा वेगळी होती. तगर, कण्हेर, कोरांटी, जास्वंद ही परसात, विहिरीच्या सांडपाण्यावर वाढत. त्यांना कात्री ठाऊक नव्हती. रोज सकाळी पूजेसाठी फुले खुडणारा हात हीच त्यांची छाटणी. शहरातल्या वाड्यांना तर वई नसेच. दांडिया बाजारासारख्या वस्तीत भिंतीला भिंत लागलेली. झाड म्हणावे तर चौकातली तुळस. घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी, कापून नेटकी केलेली फुलझाडांची रांग ही आपल्याकडे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली रीत आहे.

ती आली कुठून? तिचा एक मोठा मार्ग कलकत्त्याहून येतो, आणि त्या मार्गावर आपल्याला एक ओळखीचे नाव भेटते. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठीचा कोश. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने झालेले हे काम मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. तेच कॅरी वनस्पतींचे वेडे होते, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. श्रीरामपुरात त्यांची स्वतःची बाग होती. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ त्यांनी संपादून छापला, आणि १८२० साली कलकत्त्यात शेती व बागकामाची संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. आपल्या क्रियापदांची रूपे लावणारा माणूसच देशोदेशीची रोपेही लावत होता.

त्या काळात झाडे समुद्रमार्गे नेणे अवघड होते. खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपे वाटेतच मरत. १८३३ साली नॅथॅनियल वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेटीत रोपे घालून ती लंडनहून ऑस्ट्रेलियाला पाठवली आणि ती जिवंत पोचली. त्यानंतर अशा पेट्यांतून झाडांचा प्रवास जगभर वाढला. छावण्यांच्या बंगल्यांपुढे, कचेऱ्यांभोवती, सार्वजनिक बागांत अमेरिकेतली आणि आफ्रिकेतली झुडपे रांगेने उभी राहू लागली.

आता आपल्या गावाकडे येऊ. विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग १८७९ सालची. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते. त्यांना पूर्ण अधिकार १८८१ साली मिळाले. कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. पुढे १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. त्याच्या परिसराची आखणी लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी केली. १८९३ साली क्यूमधूनच गुस्टाव्ह क्रुंबिगेल नावाचे तरुण जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याच्या बागांवर आले. १९०८ साली ते बंगळूरच्या लालबागेत गेले आणि त्या शहराच्या फुलत्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध झाले. त्याआधीची त्यांची उमेदीची वर्षे बडोद्यात गेली. विलायती पद्धतीची बाग म्हणजे हिरवळ, वळणाचे रस्ते, फुलांचे ताटवे आणि त्यांना कडेने बांधणारी कापलेली झुडपे. कोटाबाहेर बंगले उभे राहू लागले तेव्हा आपल्या मंडळींनी ही रीत उचलली, पण झाडे मात्र परसातली निवडली. तगर आणि जास्वंद मागच्या दारची पुढच्या दारी आली. त्यामुळे कुंपण दिसायला विलायती राहिले आणि सकाळची परडीही भरू लागली. हा मेळ आपल्या मंडळींनी घातला, असे मला वाटते.

आता त्या तरुण सभासदांचा प्रश्न. ही झाडे परकी आहेत काय?

जास्वंदीपासून पाहू. लिनियसने १७५३ साली तिला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. म्हणजे नावाने ती चिनी. पण नवग्रहस्तोत्राच्या पहिल्याच श्लोकात सूर्याला उपमा आहे ती तिचीच, आणि मेघदूतातही संध्याकाळच्या लालीसाठी कालिदासाला हेच फूल आठवले. रानात आपोआप वाढलेली जास्वंद निश्चितपणे कुठेही सापडलेली नाही. आपल्या अंगणातली तांबडी जास्वंद सहसा बीही धरत नाही. ती वाढते ती फांदी तोडून, दुसऱ्याला देऊन. आपल्या दारची प्रत्येक जास्वंद ही कोणीतरी कोणाकडून तरी मागून आणलेली आहे. माणसाचा हात सुटला तर तिचा वंश थांबेल.

दुसरी घाणेरी, काही ठिकाणी टणटणी म्हणतात ती. मूळची उष्ण अमेरिकेतली. युरोपच्या बागांत तिचे रंगीबेरंगी वाण तयार झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्यात आली. कुंपणाला तिच्यासारखी सोय नव्हती. पाणी नको, गुरे खात नाहीत, बारमाही फुले. पण तिला काळी गोड फळे येतात. ती बुलबुल आणि साळुंक्यांनी खाल्ली, बी रानात टाकले आणि बागेतले कुंपण डोंगर चढून गेले. आज देशातल्या जंगलांचा फार मोठा भाग तिने व्यापला आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि चारा म्हणून पाला पोटात गेला तर गुरांना कावीळ होते. तिचे बी नष्ट करण्यासाठी १९२१ साली हवाई बेटांवरून एक माशी मुद्दाम आणून सोडण्यात आली. घाणेरी त्यालाही पुरून उरली.

तिसरी बोगनवेल. बुगनव्हिल यांच्या जगप्रदक्षिणेत १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर कोमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती नोंदवली. तीही घाणेरीइतकीच परकी; पण तिच्या बागेतल्या बहुतेक वाणांना बी धरत नाही, म्हणून ती जिथे लावली तिथेच राहिली. चौथा दुरांटा, अमेरिकेतलाच, इटलीच्या दुरान्ते नावाच्या वैद्याच्या नावाचा. निळ्या फुलांचे झुबके आणि पिवळ्या मण्यांसारखी फळे हे त्याचे रूप. आज रस्त्यांच्या दुभाजकांवर त्याचा पिवळ्या पानांचा वाण इतका वारंवार कापतात की त्याला फूल येते हेच लोक विसरले आहेत. त्याची फळे विषारी आहेत, हे मुले असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावे.

या चौघांकडे पाहिल्यावर उत्तर सापडते. झाड कुठून आले, हा प्रश्न पुरेसा नाही. ते हाताच्या आवाक्यात राहते की सुटून जाते, हा खरा प्रश्न आहे. घाणेरी वाईट ठरली ती तिला सांभाळणाऱ्याची गरजच उरली नाही म्हणून. जास्वंद आपली झाली ती सांभाळल्यावाचून तिचे चालत नाही म्हणून. तेव्हा घाणेरी अंगणात जरूर काढावी. जास्वंद काढायला मात्र कारण नाही.

सांभाळणे म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो, कारण आमच्या कुंपणाची दुर्दशा ते विसरल्यामुळेच झाली. आषाढ-श्रावणात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांबीच्या फांद्या लावाव्यात. दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून शेणखत मिसळावे. जास्वंदीत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावे. मेंदीला एक फूटही पुरते. रोपे हातभर झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. सर्वांत मोठी चूक कापताना होते. कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद ठेवले तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडे पडते. आमचे तसेच झाले आणि मग लोक म्हणू लागले की याच्यातून कुत्री शिरतात, भिंत हवी. बूड रुंद आणि माथा निमुळता ठेवावा. जास्वंदीला नव्या फुटीवर फूल येते, म्हणून थंडी सरताना एक तृतीयांशापर्यंत छाटावी आणि नंतर महिना-दीड महिना कात्री आवरावी. मेंदीचेही तसेच. सतत कापलेली मेंदी फुलत नाही आणि तिच्या बारीक फुलांचा सुगंध घराला कधी कळत नाही. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला तर ती फांदी तोडून नष्ट करावी आणि साबणाचे थोडे पाणी घालून निंबोळी अर्क फवारावा.

श्रोतेहो, भिंत एकदा बांधली की तिच्याकडे कोणी पाहत नाही. कुंपणाला दरवर्षी कोणीतरी लागते. हाच तिचा फायदा म्हणून ठरावात मांडला होता. मी तोच तिचा तोटा मानतो. कात्री घेऊन कुंपणाशी उभे राहिले की पलीकडचे शेजारी बोलतात, फुले मागतात, फांदी मागतात. दोन शतकांहून अधिक काळ या गावात आपली भाषा घराघरांतून टिकली, तीही बरीचशी अशीच.

ठराव अजून मंजूर झालेला नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा सभेपुढे येईल. तोवर मी आमच्या जास्वंदीच्या चाळीस फांद्या पिशव्यांत लावून ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी श्रावण संपायच्या आत घेऊन जाव्यात.