चाकाचा जोड

गेल्या दिवाळीला नातू पुण्याहून सायकल घेऊन आला. म्हणजे सायकल एसटीच्या टपावर टाकून नव्हे, तीवर बसून. दोन दिवस वाटेत काढले पठ्ठ्यानं. घरी पोचला तेव्हा मागचं चाक डगडगत होतं, दोन तारा तुटलेल्या आणि रिमला असा आउट आलेला की ब्रेकच्या चिमट्याला टायर घासत होता. मी म्हटलं, "अरे, येवढ्या महागाची सायकल आन् चाक असलं?" तर म्हणाला, "आबा, ही डांबरी रस्त्याची चाकं आहेत. मला ग्रॅव्हलची घ्यायची आहेत."

ग्रॅव्हल म्हणजे काय ते त्यानं सांगितलं. खडी, मुरूम, कच्चा रस्ता. शहरातली पोरं आता डांबर सोडून मुद्दाम असल्या रस्त्यानं सायकली हाणतात. मला हसू आलं. आमच्या माण तालुक्यात आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?

त्याला टायर केवढा लागतो विचारलं, तर चाळीस मिलिमीटर रुंद. मी गोठ्यातून जुन्या सायकलीचा टायर काढून दाखवला. त्यावर छापलंय २८ × १½. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. जवळपास तेवढाच! फक्त तो टायर त्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या अठ्ठावीस इंची रिमचा टायर बसायच्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि आताच्या रिमचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. तो गेल्यावर मी बसून राहिलो आणि मनात जुनं सगळं वर आलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या घरात पहिली सायकल आणली ती थोरल्या चुलत्यांनी. ते मुंबईला गिरणीत होते. सायकल इंग्लंडची रॅले, कुणा पारशानं वापरून विकलेली. त्या काळी सायकल म्हणजे विलायती, असंच लोक धरून चालत. रॅले नॉटिंगहॅमची, बीएसए बर्मिंगहॅमची. आपल्याकडे कारखाने निघाले ते पहिल्यांदा १९३९ च्या सुमारास. त्यातला एक मुंबईत वरळीला, हिंद सायकल. पुढं स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या मालावर बंधनं आली आणि देशी कारखान्यांना जोर चढला. मद्रासकडं मुरुगप्पा मंडळींनी इंग्रज कंपनीच्या भागीदारीत १९४९ ला टीआय काढली, ती हर्क्युलिस बनवायची. आसनसोलजवळ सेन-रॅले. सोनीपतला १९५१ ला अ‍ॅटलस. लुधियान्याच्या मुंजाल बंधूंनी आधी सुटे भाग केले आणि १९५६ ला हिरो सायकल उभी केली. यातली हिंद आणि सेन-रॅले पुढं डबघाईला आल्या, १९८० ला सरकारनं कायदा करून त्या ताब्यात घेतल्या. अ‍ॅटलसचा शेवटचा मोठा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनी.

टायरचं तर नावच आमच्याकडं गाडीला चिकटलंय. हवेचा टायर १८८८ साली ज्यानं काढला तो डनलप मूळचा जनावरांचा डॉक्टर, पोराच्या तीनचाकीसाठी त्यानं तो केला. आमच्याकडं रबरी टायरच्या बैलगाडीला अजून डनलप म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरचं नाव बैलाच्या मागं लागलं, हे बरोबरच झालं म्हणायचं.

पण विलायती काय, देशी काय, सायकल चालायला रस्ता पाहिजे. आमच्या गावाला तो दुष्काळानं दिला. बहात्तर साली मी अकरा वर्षांचा. पाऊस नाही, विहिरीत गाळ, जनावरं दावणीला उभी राहीनात. सरकारनं कामं काढली. आई, दादा, चुलती सगळी खडी फोडायला. हाताला पट्ट्या बांधून हातोडीनं दगड फोडायचा, ढीग लावायचा, मग तो ब्रासच्या मापानं मोजायचे. तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडा मिलो. त्या खडीतून दहिवडीकडं जाणारा आमचा रस्ता झाला. खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर मुरूम, पाणी मारून रूळ फिरवलेला. डांबर नाही. पहिल्या वर्षी रस्ता इतका झाक की लोक मुद्दाम बघायला यायचे. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला आणि खडीची डोकी वर आली. आईनं फोडलेल्या खडीवरून मी हायस्कूलला सायकल हाणली, असं म्हटलं तरी चालेल.

त्या रस्त्यावर चाकाचा खरा कस लागायचा. आताच्या पोरांना वाटतं गाडी फ्रेमवर चालते. आमच्या दहिवडीच्या सायकलवाल्या मिस्त्रीनं मला पहिलं शिकवलं ते हे की माणूस चाकावर बसत नाही, तारांत बसतो. जुन्या सायकलीला पुढं ३२ तारा, मागं ४०. मागं ओझं जास्त म्हणून आठ जादा. सगळ्या तारा सारख्या ताणल्या तर रिम गोल राहते. एक ढिली झाली की तिचा भार शेजारणीवर, ती तुटली की पुढचीवर. भाऊबंदकीसारखंच. आउट काढायचा म्हणजे निपल पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, कानानं आवाज ऐकत. तारेवर बोट मारलं की सगळ्या एका सुरात वाजल्या पाहिजेत.

आता जे सांगायचंय ते.

सत्त्याहत्तरला मी दहावी पास झालो. आमची दहावीची सुरुवातीची बॅच. अकरावीला दहिवडीला नाव घातलं. दादा त्या वेळी रोज सकाळी गावातलं दूध सायकलीवरून संकलन केंद्रावर न्यायचे. वीस लिटरचे दोन कॅन कॅरियरला दोन बाजूंनी. दूध आणि कॅन धरून पन्नास किलोच्या आसपास ओझं, वर दादा. रॅलेची मागची रिम गंजून आतून खाल्ली होती, तारांची भोकं रुंदावलेली. दिवाळीत नवी घ्यायची ठरली. मी शिकलेला म्हणून दादा म्हणाले, "तूच बघ, तुला कळतंय."

दुकानात दोन रिमा होत्या. एक जड, क्रोम जरा मंद, नावाचा शिक्का मारलेली. दुसरी हलकी, आरशासारखी झकझकीत, शिक्का नाही, आणि सात रुपयांनी स्वस्त. दोन्ही देशीच होत्या. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर होता, तो एवढंच म्हणाला, "पोरा, जोड बघ." पोलादी रिम म्हणजे पट्टी वळवून दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात. तो जोड नीट नसला तर बाकीची रिम कशीही असो, उपयोग नाही. मला ते ठाऊक नव्हतं आणि विचारायला कमीपणा वाटला. मी झकझकीत घेतली. सात रुपये वाचवले म्हणून दादांनी घरी आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

पौषात एका सकाळी ओढ्याच्या उतारावर ती रिम जोडातून उकलली. मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं पिळलं, कॅन एका बाजूला झुकले आणि दादा खडीवर उजव्या खांद्यावर पडले. मी मागून चालत येत होतो. दूध मुरमातून ओढ्याकडं वाहत होतं आणि दादा उठायचं सोडून "कॅन धर, कॅन धर" म्हणत होते. कॅन धरून काय उपयोग? तरी मी धरला.

खांद्याचं हाड मोडलं. आधी हाडवैद्य केला, मग साताऱ्याला नेलं. उशीर झाला होता. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. महिन्यावर ज्वारीची काढणी आली होती. मी कॉलेज सोडलं, काढणी केली आणि पुढं सायकलीवर दूध मीच न्यायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात जड रिम आणली. ती आम्ही बावीस वर्षं वापरली. टायर बदलले, टायरला गेटर घातले, तारा बदलल्या, रिम तीच.

दादा मला कधी बोलले नाहीत. फक्त फेटा बांधायला हात वर जायचा नाही, म्हणून रोज सकाळी माझ्यासमोर मान खाली घालून बसायचे. मी बांधायचो. ते जाईपर्यंत.

तर नातवाचं चाक. तो मोबाइलवर चित्रं दाखवत होता. एक कार्बनचं, बाहेरच्या देशातलं, किंमत ऐकून मी म्हटलं यात एक कालवड येते. दुसरं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आपल्याकडंच केलेलं. मी त्याला माझ्या परीनं प्रश्न विचारले. तारा किती? कार्बनच्याला चोवीस, दुसऱ्याला बत्तीस. तार तुटली तर म्हसवडला मिळेल का? कार्बनवाल्याची नाही, तिला वेगळी चपटी तार लागते. दुसऱ्याची साधी गोल तार, तुझ्या पुण्यातल्या कोणत्याही दुकानात. दगड बसला तर? अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, ठोकून घरापर्यंत येता येतं. कार्बनला भेग गेली की संपलं.

मला अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कच्चं वाटायचं, घरातल्या पातेल्यासारखं. त्यानं कापलेल्या रिमचं चित्र दाखवलं, तेव्हा उमगलं. आताची रिम आतून पोकळ, दोन भिंतींची, डबीसारखी. आमची पोलादी होती ती एका पत्र्याची. म्हणून वजन निम्म्यावर येऊनही ताकद राहते, आणि गंजत नाही हे आणखी. आमची रॅलेची रिम गंजानंच गेली होती. तेव्हा जुनं ते सोनं असं मी काही म्हणणार नाही. रिम हलकी झाली ती चांगलीच झाली.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, मित्र कार्बनची घेतायत." मी म्हटलं, "घेऊ देत. त्यांच्या रस्त्यावर ओढा नसेल." त्यानं बत्तीस तारांचीच मागवली, पण माझ्या सांगण्यावरून की पैशाच्या हिशेबानं, ते मी विचारलं नाही.

संक्रांतीला तो चाकं घेऊनच आला, अजून टायर न चढवलेली. अंगणात खाटेवर ठेवली. मी चष्मा लावला आणि रिमवरून अंगठा फिरवत गेलो. जोड सापडायला मला दोन फेरे लागले, इतका साफ घासलेला होता. तिथं नखानं टिचकी मारली, मग समोरच्या बाजूला मारली. दोन्हीकडं आवाज सारखाच आला.

"काय बघताय, आबा?" त्यानं विचारलं.

तेव्हा त्याला पहिल्यांदा पणजोबांच्या फेट्याचं सांगितलं.