एका नावाचे दोन पाडे आणि तीन ठिकाणची दप्तरे



मानपाडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कोणता येतो? एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेला. जिल्हा एकच. पण जुना कागद शोधायला निघालात, तर या दोन नावांच्या वाटा फार लांब जाऊन फुटतात.

ठाणे साष्टी बेटावर. ते इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली, कल्याण मात्र पेशव्यांकडे परत आले आणि १८१७ पर्यंत तिकडेच होते. म्हणजे पस्तीस वर्षे खाडीच्या एका काठाचा हिशेब मुंबईला आणि दुसऱ्या काठाचा पुण्याला. पुण्याच्या पेशवे दप्तरात तो मोडीत लिहिलेला, रुमालात बांधलेला. त्या दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. तरी तो समुद्रातला घडाभरच म्हणायचा!

आपल्या पूर्वजांनी कागद एका जागी कधी ठेवला नाही, हे लक्षात घ्या. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे, वरचा सरकारात. एकाला आग किंवा वाळवी लागली तर दुसरा उरे. कुलकर्ण्याने आकडा फिरवला तर देशपांड्याच्या दप्तरात तो उघडा पडे. पण दोन दप्तरे दोन गोष्टी सांगू लागली, तर खरे कोणाचे? १८५२ च्या कायद्याने घाटावर इनाम कमिशनने हक्क तपासले, तेव्हा हा प्रश्न घराघरात शिरला. दाखला पटला नाही त्याचे इनाम गेले.

आज हेच काम यंत्रे करतात. ऐरोलीसारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारतींत संगणकांच्या रांगा उभ्या असतात. मोठी माहिती एका यंत्रात मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याची नक्कल दुसऱ्या गावच्या केंद्रात ठेवतात. तुम्ही एक नाव विचारले की प्रश्न एकदम सगळ्या तुकड्यांकडे जातो. जो तो आपल्या सूचीत पाहतो आणि उत्तरे एकत्र होऊन तुमच्यापुढे येतात.

अडचण येते ती दोन केंद्रांमधली तार तुटली की. दोन्ही जिवंत असतात, पण प्रत्येकाला वाटते की दुसरे मेले. दोघेही कारभार हाकू लागले तर एका गावाला दोन पाटील! म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूने बहुमत त्यानेच नोंद करायची, दुसऱ्याने लेखणी खाली ठेवायची. यात वेळ जातो, खर्च होतो, आणि केंद्रे जितकी दूर तितका निरोपाला उशीर. पण एकाच छपराखाली सारे ठेवण्याची किंमत आपण पाहिली आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि फायलींचे ढीग जळाले.

सातबारा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो. मात्र लोकांच्या तोंडचे नाव आणि दप्तरातले नाव एकच असेल असे नाही. नुसते ‘मानपाडा’ सांगून भागत नाही. आधी जिल्हा, मग ठाणे की कल्याण तो तालुका, मग महसुली गाव आणि शेवटी गट नंबर.