चिनूक की कोहो? सॅमन माशाच्या लक्षणाचा इतिहास

मुंबईच्या मासळीबाजारात रावसाला पुष्कळदा 'इंडियन सॅमन' म्हणतात. वस्तुतः रावस सॅमनच्या कुळातला नव्हेच. पण नाव चिकटलं की चिकटलं! तेव्हा आजचा प्रश्न असा, की एका माशाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायचं कशावरून? तत्त्वज्ञानाच्या भाषेत, त्याचं लक्षण कोणतं?

नैयायिकांचं गाईचं उदाहरण आम्ही वर्गात नेहमी द्यायचो. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं, तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ती. आणि 'एकसंध खुराची ती गाय' म्हटलं, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. पॅसिफिक महासागरातल्या सॅमनचा इतिहास वाचताना यांतले पहिले दोन दोष पावलोपावली भेटतात.

अठराव्या शतकात क्राशेनिन्निकोव्ह आणि स्टेलर हे दोन अभ्यासक रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाटकात पोहोचले. तिथल्या लोकांचं पोटच या माशांवर अवलंबून. त्यामुळे प्रत्येक जातीला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं. पुढे १७९२ साली जर्मनीतल्या ल्युबेक गावचे एक डॉक्टर, योहान वाल्बाउम यांनी अशा जुन्या वर्णनांवरून या माशांना शास्त्रीय नावं दिली. पण शब्द घेतले ते तिकडचेच: चाविचा, किझुच, नेर्का, केटा, गोर्बुशा. आज आपण ज्यांना चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक म्हणतो, ते हेच पाच. म्हणजे पहिलं वर्गीकरण मासेमारांचं, आणि लॅटिन टोपी नंतरची.

यातल्या 'गोर्बुशा'चा अर्थ कुबडा. पण कुबड येतं ते फक्त नराला, आणि तेही अंडी घालण्याच्या हंगामात. मादीला कुबड नाही. म्हणजे नावातच अव्याप्ती बसलेली!

एकोणिसाव्या शतकात घोटाळा वाढला. हे मासे समुद्रात चकचकीत रुपेरी असतात. नदीत शिरले की रंग पालटतो, सॉकाय लालभडक होतो, चमच्या अंगावर जांभळट पट्टे उठतात, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो. अंडी घातली की हे पाचही मासे मरतात. म्हणजे नदीकाठच्या अभ्यासकाच्या हाती येणारा मासा आयुष्याच्या अखेरच्या काही आठवड्यांतला! त्याच जातीचा रुपेरी मासा दिसला, की तो 'नवी जात' ठरायचा. नर वेगळा, मादी वेगळी, अशीही नावं पडली. अमेरिकेतले लष्करी डॉक्टर जॉर्ज सकली यांनी १८६१ साली या गटाला 'ऑन्कोऱ्हिंकस', म्हणजे आकडेनाक्या, असं नाव दिलं. पुन्हा तेच, अवस्था हेच लक्षण मानलं गेलं.

हा गुंता सोडवला डेव्हिड स्टार जॉर्डन आणि चार्ल्स गिल्बर्ट या दोघांनी. १८८० साली ते अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर फिरले, ताजे मासे हाताळले आणि तिथे पाचच जाती आहेत असं ठरवलं. रंग आणि नाक बाजूला ठेवून त्यांनी मोजता येण्याजोग्या गोष्टी पाहिल्या, जसे परांतले काटे आणि कल्ल्यांतली दातेरी कुसं. सॉकाय आणि चम समुद्रात अगदी सारखे दिसतात, पण सॉकायची कुसं लांब, दाट आणि संख्येनं जास्त असतात. नर असो, मादी असो, लाल असो, रुपेरी असो, हा भेद टिकतो. याला म्हणायचं लक्षण.

आता तुम्ही म्हणाल, होडीत बसून कुसं कोण मोजणार? बरोबर आहे. चिनूक आणि कोहो यांच्यात गळवाले तोंड उघडून पाहतात. खालच्या जबड्यात, दातांच्या मुळाशी हिरडी काळी असेल तर चिनूक. पांढरट असेल तर कोहो. मग शेपूट पाहायची. चिनूकच्या शेपटीच्या दोन्ही पात्यांवर काळे ठिपके असतात, कोहोच्या बहुधा वरच्याच. आकारावर मात्र मुळीच विसंबू नये, कारण कोवळा चिनूक मोठ्या कोहोएवढाच असतो. एका खुणेवर निर्णय नको, दोन्ही जुळल्या पाहिजेत.

हा नुसता पंडिती वाद नाही बरं का. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून कायद्यानं संरक्षित आहे. त्यामुळे कित्येकदा कोहो ठेवता येतो, पण रानटी चिनूक सोडावाच लागतो. आणि खाऱ्या पाण्यात असा मासा होडीत चढवायलाही मनाई आहे. म्हणजे निर्णय करायचा तो मासा पाण्यात असतानाच, काही क्षणांत. चूक झाली, तर तिची किंमत मासा देतो.

एकटा मासाच देतो असंही नाही. त्याच पाण्यात राहणारे ऑर्का देवमासे मुख्यतः चिनूकवर जगतात. सॉकायची झुंडच्या झुंड शेजारून जात असली, तरी ते चिनूकच शोधतात. २००५ साली अमेरिकेनं हे ऑर्का नामशेष होण्याच्या धोक्यातले म्हणून जाहीर केले. चिनूक घटला, की त्यांची उपासमार होते.

कामचाटकाच्या मासेमारांना हा भेद माहीत होता, ऑर्कांना आजही माहीत आहे. मध्ये चुकलो ते आपण शिकलेले लोक, कारण आपण क्षणाच्या रूपाला स्वरूप समजलो. तेव्हा मंडळी, कोणालाही नाव देण्याआधी त्याच्या सगळ्या अवस्था पाहाव्यात, एवढंच आमचं सांगणं.