अर्ल ऑफ एल्डन (जहाज)

अर्ल ऑफ एल्डन : मुंबईहून लंडनला कापूस घेऊन जाताना २७ सप्टेंबर १८३४ रोजी हिंदी महासागरात जळालेले ब्रिटिश शिडाचे मालवाहू जहाज. जहाजावरील सर्व माणसे तीन होड्यांतून रॉड्रिग्ज बेटावर पोचली व वाचली. वादळ, खडक किंवा चाचे यांपैकी कशाचाही या अपघाताशी संबंध नव्हता. जहाज त्याच्याच पोटातल्या मालाने जाळले. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला ही हकीकत म्हणूनच परकी वाटत नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरील व्हिट्बी येथे १८३० मध्ये हे जहाज बांधले गेले. कोळशाची अवजड वाहतूक करणारी दणकट जहाजे बांधण्याबद्दल व्हिट्बीचा लौकिक होता. कॅप्टन कुकचे ‘एंडेव्हर’ याच बंदरातले. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी १८१३ मध्ये संपल्यावर खाजगी मालकीची अशी अनेक जहाजे मुंबईच्या फेऱ्या करू लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणारा मुंबई–लंडन प्रवास साधारण चार ते पाच महिन्यांचा असे.

जहाज ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे ऐन पावसाळ्यात मुंबईतून निघाले. ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी मुंबईत कापसाला धड गोदाम नव्हते. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानावर, बॉम्बे ग्रीनवर, त्याचे ढीग पडलेले असत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला. जहाजात जागा कमी व भाडे जास्त, म्हणून रुई स्क्रू-दाबयंत्रांत माणसांच्या बळावर दाबून तिच्या गाठी बांधत. गलबतात लावतानाही त्या जॅकने रेटून ठासत. अर्ल ऑफ एल्डनवरचा कापूस दमट असतानाच असा दाबून भरला होता, अशी नोंद त्यावरील एका प्रवाशाच्या वृत्तांतात मिळते.   पावसाळ्याची ओल शिडाला लागो न लागो, मालाला लागतेच.

निघून सुमारे महिना झाल्यावर एके पहाटे पुढच्या फाळक्यातून धूर येताना दिसला. कप्तान थीकर याला आधी ती तापलेल्या कापसाची वाफ वाटली. हा अंदाज पूर्ण चुकीचा नव्हता. वाफेमागोमाग आग येते एवढेच. गाठी उपसून आगीचे मूळ गाठण्याचा प्रयत्न झाला, पण जितके उकरावे तितकी आत हवा जाई आणि धूर वाढे. शेवटी होड्या पाण्यात सोडाव्या लागल्या. प्रवाशांत स्त्रियाही होत्या. रात्री या मंडळींनी मागे जळते जहाज पाहिले.

कोणत्या दिशेने जायचे हा निर्णय कप्तानाच्या कसबाचा होता. दिएगो गार्सिया बेट त्यामानाने जवळ होते, पण त्या पट्ट्यात वारे बेभरवशाचे व वादळी. रॉड्रिग्ज कितीतरी लांब होते, तरी तिकडे जाताना आग्नेयेकडून वाहणारे नियमित व्यापारी वारे मिळणार होते. त्याने लांबचे बेट निवडले. मोजून दिलेले अन्नपाणी आणि उघड्या होडीवर फुटणाऱ्या लाटा सोसत सुमारे दोन आठवड्यांनी तिन्ही होड्या रॉड्रिग्जला लागल्या. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किमी. वरचे हे छोटे बेट भोवतालच्या प्रवाळखडकांमुळे स्वतःच अनेक जहाजांचा काळ ठरले आहे; या लोकांना मात्र त्याने तारले. तेथून ते मॉरिशसला गेले.  

आगीचे कारण कापसाच्या घडणीतच आहे. कापूस उष्णतेचा मंदवाहक आहे. त्यात ओल राहिली की सूक्ष्मजीव वाढतात व उष्णता निर्माण होते. ढीग मोठा आणि दाबलेला असेल तर ती बाहेर पडत नाही. रुईत सरकीचे फुटके तुकडे राहिले असतील तर त्यांतील तेलाचे ऑक्सिडीकरण तापमानात भर घालते. ओल्या कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला की ऊब लागते, ती याचीच पहिली पायरी. एकदा धुमसू लागलेली गाठ विझवणे अवघड, कारण तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला आतून पुरते. फाळके बंद केल्याने आग मंदावते, पण मरत नाही. शिडाच्या जहाजावर पाणी मारायला हातपंप व बादल्या. लाकडी सांगाडा, डांबर व दोर यांना पेटायला फार वेळ लागत नसे.

१८३४ मध्ये मुंबईतून जाणारा बराचसा कापूस गुजरातचा असे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवर व गाड्यांवर लादून घाट उतरे आणि वाटेत पाऊस, धूळ, नदीउतार या सगळ्यांचा धनी होई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला; त्या मार्गाने मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्याच्या पट्ट्यातली गावे थेट मुंबई बंदराला जोडली गेली. जलंबहून खामगावला १८७० मध्ये फाटा निघाला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी मालाला उमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणत. पण रेल्वे आली तोवर शिडाच्या जहाजांचे दिवस भरत आले होते : १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या जहाजांना तो सोयीचा नव्हता. नांदुऱ्याच्या गाठी पुढे प्रामुख्याने आगबोटींतून गेल्या. आगबोटींनी प्रवासाचे दिवस घटवले. ओल्या गाठीचा धोका मात्र त्यांच्याबरोबर राहिला.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या आगबोटीचा स्फोट झाला. त्या आगीची सुरुवातही कापसाच्या गाठी असलेल्या दोन क्रमांकाच्या मालकोठ्यातच झाली. तिथे कापसाजवळ स्फोटके भरली होती. लादणीतला हा निष्काळजीपणा अर्ल ऑफ एल्डनवरच्या ठासणीपेक्षा कितीतरी भयंकर ठरला.

आज नांदुऱ्याच्या बाजारात किंवा जिनिंगच्या दारात कापसाची गाडी उभी राहिली की ग्रेडर ओलावामापक खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे नकार मिळतो. हा नियम भावासाठी व वजनासाठी आहे असे शेतकरी समजतो, आणि वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची जुनी खोडही त्याच समजुतीतून आलेली. जहाजवाहतुकीच्या दृष्टीने मात्र तो आगीचाच प्रश्न आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘ओला कापूस’ याला स्वतंत्र क्रमांक आहे : यूएन १३६५, वर्ग ४.२, आपोआप पेट घेणारे पदार्थ.