‘रिडंडन्सी’ : दुसऱ्या तारेचा खरा अर्थ

दूरसंचार क्षेत्रात ‘रिडंडन्सी’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. बँका, शेअर बाजार, रुग्णालये आणि सरकारी कार्यालयांच्या निविदांमध्येही तो हमखास आढळतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘अनावश्यक’ किंवा ‘जादा’ असा दिलेला असतो. लॅटिनमधील ओसंडून वाहणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे. ब्रिटनमध्ये नोकरकपातीलाही हाच शब्द वापरतात. तंत्रज्ञानात मात्र त्याला वेगळा अर्थ आहे. मुख्य संपर्कवाहिनी बंद पडली तरी काम थांबू नये, म्हणून आधीच तयार ठेवलेली पर्यायी वाहिनी म्हणजे रिडंडन्सी. मराठीत त्याला ‘राखीव जोडणी’ म्हणता येईल.

तयारीचे प्रकार

राखीव जोडणी कितपत सज्ज आहे, यावरून तिचे प्रकार पडतात. मुख्य वाहिनीबरोबरच दुसरी सतत चालू असेल आणि क्षणार्धात भार उचलत असेल, तर तिला ‘हॉट स्टँडबाय’ म्हणतात. कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष येऊन ती सुरू करावी लागत असेल, तर ती ‘कोल्ड स्टँडबाय’. एका वाहिनीवरून दुसरीवर आपोआप होणाऱ्या बदलाला ‘फेलओव्हर’ असे नाव आहे. राखीव साधन ऑप्टिकल फायबर केबलच असले पाहिजे असे नाही. मायक्रोवेव्ह मनोरा, मोबाइल नेटवर्क किंवा उपग्रहाधारित व्हीसॅट यंत्रणाही ते काम करू शकते.

गणित काय सांगते?

एखादी वाहिनी वर्षातील ९९ टक्के वेळ सुरू राहते, असे मानले तरी ती सुमारे ८७ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद असते. तितक्याच भरवशाची दुसरी वाहिनी जोडली, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी खाली येते. वर्षाकाठी हा काळ जेमतेम ५३ मिनिटांचा होतो. मात्र या हिशेबाला एक अट आहे. दोन्ही वाहिन्या परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असायला हव्यात.

कोरेगावचे उदाहरण

सातारा-पंढरपूर रस्त्यावरील कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण साताऱ्याच्या पूर्वेला आहे. साताऱ्याहून तेथे जाताना माहुलीजवळ कृष्णा ओलांडावी लागते. समजा, तालुक्याच्या एखाद्या कार्यालयाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आणि दोन्ही केबल त्याच रस्त्याने, त्याच पुलावरून आल्या. कागदोपत्री तेथे रिडंडन्सी आहे. प्रत्यक्षात पुलाला धोका पोहोचला किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचा फाळ लागला, तर दोन्ही एकदम तुटतील. याउलट, दुसरी जोडणी रहिमतपूर, मसूरमार्गे कराडहून आणली, तर ती कृष्णा वेगळ्या पुलावरून ओलांडते. या भिन्न मार्गाला तांत्रिक भाषेत ‘रूट डायव्हर्सिटी’ म्हणतात. तिच्याशिवाय राखीव जोडणी नावापुरतीच उरते.

पूल वाहून जाणे ही केवळ कल्पना नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांचा टप्पा पार केला होता.

मोठ्यांनाही फटका

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबल निकामी झाल्या. त्या दोन वेगळ्या यंत्रणांच्या होत्या, पण त्यांचा सागरी मार्ग जवळपास एकच होता. परिणामी भारतातील इंटरनेट सेवा मंदावली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्यावर भारतासह आशियातील अनेक देशांना पुन्हा तसाच अनुभव आला.

मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, तरीही दोन्हींमध्ये बिघाड झाल्याचे बाजाराने स्पष्ट केले होते. त्यानंतर ‘सेबी’ने नियम कडक केले. मोठा बिघाड झाल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यापुढील ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज सुरू करावे, असे बंधन घालण्यात आले.

गावांसाठी ‘रिंग’

ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या ‘भारतनेट’ योजनेची मूळ आखणी सरळ रेषेची होती. अशा रचनेत मध्ये कोठे केबल तुटली, की पुढची सर्व गावे अंधारात जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित योजना मंजूर करून ‘रिंग’ म्हणजे वर्तुळाकार रचना स्वीकारली. वर्तुळात एका बाजूने मार्ग खंडित झाला, तरी माहिती दुसऱ्या बाजूने पोहोचते. सातबारा उतारा, पेन्शन, रेशन आणि बँकेचे व्यवहार संगणकावर आल्यानंतर हा फरक गावकऱ्याच्या थेट खिशाशी निगडित झाला आहे.

विचारावेत असे प्रश्न

राखीव जोडणी घेताना कंपनीचे नाव विचारून भागत नाही. केबल कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या पुलावरून येते, इमारतीत दोन्ही एकाच नळीतून शिरतात का, वीज गेल्यास बॅटरी किती तास चालते, हे विचारले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईतील दूरध्वनी आणि मोबाइल सेवा विस्कळीत झाली, तेव्हा वीजपुरवठ्याचे महत्त्व प्रकर्षाने लक्षात आले होते. शेवटचा प्रश्न चाचणीचा. मुख्य वाहिनी मुद्दाम बंद करून राखीव जोडणी ठरावीक मुदतीने तपासली जात नसेल, तर ऐन संकटात तीही मुकी निघण्याचा संभव असतो.