बुद्धवचनाच्या खुणा : इगतपुरीचा पाठ आणि ‘रोमा’

१९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या छट्ठ संगायनात त्रिपिटकाचा जो पाठ निश्चित झाला, तो नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर उतरविला व १९९७ मध्ये त्याची सीडी प्रसिद्ध केली. आचार्य गोयंका यांच्या साधनापद्धतीविषयी आंबेडकरी बौद्धांत मतभेद आहेत. परंतु या कार्याचे मोल त्यावर अवलंबून नाही. नालंदेहून भदन्त जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघालेले नागरी त्रिपिटक मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळे. इगतपुरीच्या पाठामुळे खेड्यातील विहारातही संपूर्ण त्रिपिटक, अट्ठकथांसह, देवनागरीत उपलब्ध झाले.

हा पाठ पुढे एक्स.एम.एल. स्वरूपात आला. त्याची फाईल उघडून पाहिली असता मजकुराच्या अवतीभोवती कोनी कंसांतील खुणा आढळतात. हा परिच्छेद, हे शीर्षक, ही गाथेची पहिली ओळ, ही शेवटची, असे त्या संगणकास सांगतात. कोणती खूण कोठे चालेल आणि कोणती चालणार नाही, हे ठरविणाऱ्या नियमावलीस स्कीमा म्हणतात. इगतपुरीच्या फाईलींचा बाह्य साचा टी.ई.आय., म्हणजे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील व्हॅसर महाविद्यालयात भरलेल्या बैठकीतून हा उपक्रम निघाला. ग्रंथ कोणत्याही भाषेचा असो, त्याच्या खुणा सर्वत्र एकाच अर्थाने वाचल्या जाव्यात, हा त्याचा हेतू.

इगतपुरीच्या खुणांचे आम्ही बारकाईने अवलोकन केले. त्यांतील सर्वांत उपकारक भाग पृष्ठांच्या खुणांचा आहे. इगतपुरीची मुद्रित आवृत्ती, ब्रह्मदेशाची, सयामची आणि लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीची, अशा चार आवृत्त्यांचे पृष्ठांक मजकुरातच नोंदलेले आहेत. इंग्रजी ग्रंथातील तळटीप घेऊन मूळ पालि स्थळ शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे केवढे श्रम यामुळे वाचतात! इतर खुणा मात्र बहुतांशी अक्षर जाड छापावे, ओळ मध्यभागी घ्यावी, अशा स्वरूपाच्या आहेत. पाठ कसा दिसावा हे त्या सांगतात. तो काय आहे व कोणाच्या मुखातला आहे, हे सांगत नाहीत. छापण्यासाठी व वाचण्यासाठी केलेल्या कामाला तेवढे पुरेसे होते. अभ्यासाला ते पुरत नाही.

टी.ई.आय.च्या भांडारात पाचशेहून अधिक खुणा आहेत. एवढ्या सर्व कोणालाच लागत नाहीत. आपल्या ग्रंथास हव्या तेवढ्या निवडाव्यात, उरलेल्या गाळाव्यात, नसलेल्या घडवाव्यात, अशीच मूळ योजना होती. तिला कर्त्यांनी विनोदाने पिझ्झाची उपमा दिली: पाव सर्वांचा एक, वरचे पदार्थ ज्याच्या त्याच्या रुचीचे. निवडीसाठी जे पहिले साधन झाले त्याचे नाव ‘पिझ्झा शेफ’. २००७ मध्ये टी.ई.आय.ची पाचवी आवृत्ती आली. तिच्यासाठी ‘रोमा’ हे साधन घडले. त्यामागे आर्नो मिटेलबाख आणि ऑक्सफर्डचे सेबास्टियन रॅट्झ यांचे परिश्रम होते. रॅट्झ २०१६ मध्ये निवर्तले. राफाएले विग्लियांती यांनी ‘रोमा’ला नवे रूप दिले.

‘रोमा’ वापरण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. इंटरनेटवर ती उघडावी, तयार नमुन्यांपैकी एक घ्यावा, खुणा कमी-अधिक कराव्यात, एखाद्या खुणेस कोणती मूल्ये चालतील त्यांची यादी बांधून द्यावी. या निवडीची ‘ओ.डी.डी.’ नावाची फाईल मिळते. तीत नियम आणि नियमांचे स्पष्टीकरण एकत्र असते, व त्यातूनच स्कीमा निघतो. ते स्पष्टीकरण मराठीत लिहिता येते. इतकेच नव्हे, एक्स.एम.एल.मध्ये खुणेचे नावही देवनागरीत ठेवता येते.

आता पालिचेच उदाहरण घेऊ. सुत्तांत पुनरुक्त भाग ‘…पे…’ असे लिहून आटोपतात. हा पेय्याल. टी.ई.आय.मध्ये शब्दाच्या संक्षेपाची खूण आहे, झिजून गेलेल्या अक्षरांची आहे, संपादकाने गाळलेल्या मजकुराचीही आहे. परंतु खास पेय्यालासाठी, म्हणजे ऐकणाऱ्यास पाठ आहे म्हणून परंपरेनेच मिटून ठेवलेल्या मजकुरासाठी, वेगळी अशी खूण नाही. संयुत्तनिकायात पेय्याल पानोपानी येतो, आणि निरनिराळ्या आवृत्त्या तो सारख्याच ठिकाणी मिटवीत नाहीत. एखादा शब्द त्रिपिटकात किती वेळा आला, याची संगणकाने केलेली मोजणी म्हणूनच बेभरवशाची ठरते. ‘रोमा’त ‘पेय्याल’ ही एक खूण घडविली, आणि मिटलेला भाग कोणत्या परिच्छेदातून घ्यावयाचा हे तिच्यात नोंदविणे बंधनकारक केले, तर ती मोजणी विश्वासार्ह होऊ शकेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न वक्त्याचा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व बाबासाहेबांनी तथागतांच्या वचनांचा विपर्यास कसा होत गेला याची चर्चा केली आहे व पाच सुत्तांचे दाखले दिले आहेत. त्यांतील अलगद्दूपम सुत्तात तीन ठळक आवाज आहेत: ‘एवं मे सुतं’ म्हणणारा, शिकवणुकीचा भलताच अर्थ लावणारा अरिट्ठ भिक्खू, आणि त्याला फटकारणारे भगवान. इगतपुरीच्या फाईलीत हे तिघेही एकाच प्रकारच्या परिच्छेदांत येतात. अरिट्ठाचे वाक्य तोडून घेतले तर संगणक ते बुद्धवचन म्हणूनच पुढे करील. टी.ई.आय.मध्ये उक्तीची खूण व वक्त्याचे नाव देण्याची सोय मुळात आहे. ते नाव दिल्याशिवाय फाईल ग्राह्यच धरू नये, असा नियम ‘रोमा’तून करता येतो. शंका असेल तेथे निर्णय कोणाचा आणि खात्री कितपत, हेही नोंदविता येते. अशी नोंद म्हणजे पुरावा नव्हे. परंतु ती उघड असल्याने कोणासही तपासता येते, आणि बाबासाहेबांची मागणी तपासण्याचीच होती.

असे स्वतंत्र स्कीमे इतरांनी केलेले आहेत. शिलालेखांसाठी ‘एपिडॉक’ आहे, तो टी.ई.आय.मधूनच निवडून घेतलेला. आंध्रदेशातील प्राचीन लेखांचा संग्रह त्याच पद्धतीने तयार झाला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील लेखांना ही पद्धत लावू गेल्यास अडचणी कोठे येतील, हे दहाव्या लेण्यातील एका लेखावरून दिसते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे कार्षापण ठेवले. दगड झिजल्याने काही अक्षरे गेली आहेत. त्यांची खूण ‘एपिडॉक’मध्ये आहे. परंतु दान स्वीकारणारी श्रेणी, तिचा व्यवसाय, ठेवलेली रक्कम व तिचे प्रयोजन यांचा परस्परसंबंध दाखविणारी तयार चौकट नाही. तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिक या लेखात संघासाठीची ठेव सांभाळणारे म्हणून उभे आहेत. त्यांचा व्यवसाय खुणेत आला नाही, तर शोधणाऱ्याला केवळ राजांची नावे सापडत राहतील.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इगतपुरीच्या फाईलींचा साचा पाचव्या आवृत्तीच्या पूर्वीचा आहे. त्यांतील सर्वांत बाहेरच्या खुणेचे नावही पाचव्या आवृत्तीत बदलले. ‘रोमा’तून काढलेला स्कीमा लावण्यापूर्वी त्या नव्या साच्यात आणाव्या लागतील. मज्झिमनिकायातील एकाच सुत्तापासून आरंभ करावा, आणि ते अलगद्दूपम असावे, असे आम्हांस वाटते.