नाकापासून आकड्यापर्यंत

भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, ते 30 मिलिग्रॅम आलं कुठून? 29 चालतं आणि 31 नाही?" प्रश्न थट्टेतला होता, पण उत्तर शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. तर मंडळी, जे सापडलं ते इथे मांडतोय.

1939 च्या मोटार वाहन कायद्यात मुळात आकडा नव्हताच. गाडीवर ताबा राहणार नाही इतकी दारू चढलेली असताना गाडी चालवणं हा गुन्हा. पण किती चढलीय हे ठरवायचं कोणी? हवालदाराच्या नाकाने आणि डॉक्टरांच्या डोळ्यांनी!

आपल्याकडे त्यात भर म्हणजे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. "साहेब, दारू नाही, औषध घेतलंय" ही सबब हमखास. म्हणून 1959 मध्ये रक्ततपासणीची तरतूद आली. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर ते औषधाचं होतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर.

तरीही नाकाचा कारभार चालूच होता. महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाला वास, डळमळती चाल, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असं म्हणता येत नाही. मला हे पटतं. नुकताच अपघात झालेला माणूस न पिताही अडखळेल की.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. लहानपणी आमच्या वाड्यातले एक काका रात्री मोटारीखाली गेले. चालक प्यायलेला होता असं सगळी गल्ली सांगत होती, पण रक्त कोणी घेतलंच नव्हतं. तो मुद्दा कोर्टात टिकला नाही. काकू पुढे कितीतरी वर्षं शिवणकाम करून घर चालवत होत्या.

1988 च्या नव्या कायद्याच्या कलम 185 मध्ये आधी "कितीही अल्प प्रमाण" गुन्हा होतं. 1994 च्या दुरुस्तीने ते 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असं केलं, तेही श्वासयंत्राच्या चाचणीत दिसलेलं. भाच्याचे 30 ते हेच.

त्याच कायद्यात आरोपीचे हक्कही आहेत. अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावंच लागतं. मात्र वाजवी कारण नसताना चाचणीला नकार दिला, तर तो नकारच त्याच्याविरुद्ध धरता येतो. 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

आता 2006 चा नोव्हेंबर आठवा. वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालकाच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 112 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. इथे "वास येत होता" म्हणून कोणी अडलं नाही. रक्त वेळेत घेतलेलं होतं.

आरोपीला वाचवणारी दोन तासांची अट पळवाट आहे असं पुष्कळांना वाटतं. मला उलट वाटतं. त्या अटीमुळे पोलिसांना घाई करावी लागते, पुरावा ताजा राहतो, निर्दोष सुटतो आणि दोषी अडकतो. काकूंना न्याय मिळाला असता तर अशाच अटीमुळे.

असो. भाच्याला एवढंच कळवलं की 30 ही सवलत नव्हे, ती कोर्टाची रेषा आहे. रस्त्यावरची रेषा शून्याचीच धरावी. आणि लग्नसराईत रिक्षा मिळतेच!